पाखऱ्याचे नाल

रात्री नऊला मामांचा पहिला फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "डॉक्टरसाहेब, पाखऱ्यानं चंदी अर्धी टाकली. सारखा मान वळवून कुशीकडं बघतोय." पोट दुखायला लागलेल्या घोड्याचं हे ठरलेलं लक्षण. तोबरा काढा, खायला काही देऊ नका, हळूहळू फिरवा, लीद टाकतो का बघा, एवढं सांगितलं आणि पुन्हा ताटावर बसलो. बहुतेक घोडे तेवढ्यानं सावरतात, नाहीतर एका इंजेक्शनानं.

दुसरा फोन दीड वाजता. मामा धड बोलत नव्हते. मागून धप्प, धप्प असा आवाज येत होता. घोडा जमिनीवर अंग टाकत होता.

माथेरानला जायचं म्हणजे नेरळचा घाट चढून दस्तुरीपर्यंत गाडी, पुढं गाड्यांना बंदी. जुलैतलं धुकं, हात लांब केला तर बोटं दिसेनात. दस्तुरीला मामांचा पुतण्या सोनीला घेऊन उभा होता. सोनी पाखऱ्याशेजारीच बांधलेली असायची, पाच-सहा वर्षं. बॅग पोटाशी धरून मी तिच्यावर बसलो. लाल चिखलात तिचे पाय सरकत होते, पोरगा पुढं बॅटरी धरून पळत होता. वाटेत कुणी एक शब्द बोललं नाही.

पाखऱ्या काळाकुळकुळीत, कपाळावर चांदणीएवढा पांढरा ठिपका. लहान पोरांना बसवायचं असलं की मामा त्यालाच पुढं काढायचे. आता तो घामानं निथळत होता, कान बर्फासारखे गार. निरोगी घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 28 ते 40. मी 96 मोजले. चुकलो असेन म्हणून परत मोजले. हिरड्या जांभळट पडलेल्या. कुशीला स्टेथोस्कोप लावला की घोड्याच्या पोटात लांबच्या गडगडाटासारखा आवाज यायला हवा. दोन्ही कुशी, वर-खाली, सगळीकडं ऐकलं. काही नाही.

घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की आत तुंबलेलं वर येत नाही, शेवटी जठरच फुटतं. म्हणून नाकातून नळी घातली. बादलीभर आंबूस पाणी निघालं. मग मागून हात घालून तपासलं तर मोठं आतडं हवेनं टम्म फुगून आडवं हाताला लागलं. पीळ पडला होता. माझ्याकडचं सगळ्यात जोरकस औषध शिरेतून दिलं, तो वीस मिनिटं शांत उभा राहिला. मामांच्या चेहऱ्यावर आशा आली. मला तेच बघवत नव्हतं, कारण एवढ्या औषधावर कळ उलटून आली तर तिचा अर्थ एकच. आणि ती आली. पुढचे पाय दुमडून तो बसला, मग लोळायला लागला.

असं आतडं फक्त पोट उघडून सोडवता येतं. ती सोय घाटाखाली, कित्येक तासांवर. आणि पायावर उभं न राहणारं साडेतीनशे किलोचं जनावर या चिखलातून दस्तुरीपर्यंत नेणार कसं?

"मामा, त्याला सोडवू या."

त्यांनी मान हलवली. पाखऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, आयाळीतून बोटं फिरवत. मी शिरेत सुई घातली तेव्हा ते माझ्याकडं बघत नव्हते. पाच वाजले असतील.

नंतर त्यांनी एवढंच विचारलं, "परवा नवा भुसा आणला. त्यानं झालं का?" काहीच न चुकताही आतडं पिळतं, हे मी सांगितलं, आणि ते खरं आहे. नऊ वाजताच का आला नाहीत, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. नऊला आलो असतो तरी बहुधा हेच झालं असतं, पण त्या 'बहुधा'नं मी अजून अधूनमधून जागा होतो.

सोनीला मोकळं सोडून त्याच्याजवळ येऊ द्या, असं मी सांगितलं. जोडीदाराला हुंगू दिलं तर ती नंतर कमी शोधत राहते, असा माझा अनुभव. तिनं नाकपुड्यांपाशी, मग कानापाशी बराच वेळ नाक लावलं. मग दाराशी जाऊन पावसाकडं तोंड करून उभी राहिली.

खड्डा हातानंच खणायचा होता. दहाजण कुदळी-फावडी घेऊन आले, कुणाला बोलवायला लागलं नाही. मीठ आणि चुना मी सांगितला. उजाडल्यावर नालबंद आला. मामा म्हणाले, "नाल काढ सगळे. आता तरी मोकळ्या पायानं जाऊ दे." नालबंद एकेक खिळा उपटत असताना जवळचा एक दुकानदार हळूच वाकला. "मामा, काळ्या घोड्याचा नाल. एक द्या, दाराला लावतो." माणूस वाईट नव्हता, रात्री त्यानंच कंदील धरला होता. शनीसाठी काळ्या घोड्याचा नाल लोक पैसे मोजून नेतात, मामांनीही कधीमधी विकले असतील. त्यांनी चारही नाल उचलले, झिजलेल्या कडांवरून अंगठा फिरवला आणि एकेक करून खड्ड्यात टाकले.

परत निघालो तेव्हा पुतण्यानं सोनी पुढं केली. मी चालतो म्हणालो. "मग तिला नुसतीच न्या," मामा म्हणाले. "एका जागी उभी राहिली तर हिचंही पोट धरेल."

सोनी रिकाम्या पाठीनं माझ्यामागं चालली. वळणावळणाला थांबायची. लगाम ओढायचं माझ्या जिवावर येत होतं, म्हणून मीही थांबत होतो. दस्तुरीला शनिवारची पहिली गर्दी उतरत होती. रेनकोट घातलेलं एक कुटुंब माझ्यापाशी आलं. चिखलानं माखलेला मी, हातात घोडी.

"काका, शार्लोट लेकला किती घेणार?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. पोरानं माझ्या हातातून लगाम घेतला आणि म्हणाला, "आज नाही."