थंडीत झोपणारं शटर

जुन्या कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे फोटो काढताना क्षणभर उघडून प्रकाश आत सोडणारी पाती, रेंगाळायला लागलं की लोकांचं निदान ठरलेलं असतं, ‘स्प्रिंग बसली’. मी नोकरी सांभाळून घरीच मागच्या खोलीत हे कॅमेरे उघडतो, आणि खरोखर बसलेली स्प्रिंग मला क्वचितच सापडली आहे. सापडते ती घाण, वाळलेलं ग्रीस आणि कोणीतरी प्रेमाने सोडलेलं शिलाई मशीनचं तेल.

डिसेंबरात नागपूरच्या महाल भागातले एक काकाजी ॲग्फा आयसोलेट घेऊन आले. १९५० च्या दशकातला, भात्याचा, घडी होणारा कॅमेरा. १२० च्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो. शटर प्रोंटोर एसव्ही.

“भाऊ, हा सकाळी झोपते अन् दुपारी उठते,” काकाजींनी तक्रार सांगितली. “उन्हाळ्यात तर काहीच त्रास देत नाही. काहून होऊन राहिलं असं?”

आधी एकाला दाखवला होता. त्याने स्प्रिंग गेली म्हणून सांगितलं आणि वर शोकेसमध्ये ठेवायचा सल्ला दिला.

खरं तर काकाजींच्या त्या एका वाक्यातच अर्धं निदान होतं. त्यामुळे मी स्क्रू ड्रायव्हरला हातच लावला नाही. मोबाइल स्टँडला लावला, कॅमेऱ्याची पाठ उघडली, मागे टेबललॅम्प ठेवला आणि सेकंदाला २४० फ्रेम घेणारा स्लो मोशन सुरू केला. एक सेकंदाच्या स्पीडला पाती २४० फ्रेम उघडी दिसायला हवीत. गारठ्यात ती सहाशेच्या वर गेली. पुढच्या खेपेला तर अर्ध्यावरच थांबली आणि मी बोटाने टकटक केल्यावर मिटली. मग कॅमेरा घडी करून, काळ्या कापडात गुंडाळून गच्चीवर उन्हात ठेवला. आमचा चहा-पोहे आटोपून खाली आणला आणि तीच चाचणी घेतली, तर फ्रेम आल्या २६० च्या आसपास.

काकाजी माझ्याकडे पाहायला लागले. उन्हाने स्प्रिंगला जोर येत नाही, पातळ होतं ते ग्रीस.

या शटरमध्ये पाती उघडणारी-मिटवणारी कडी स्प्रिंगच ओढते. सावकाश स्पीडना तिला अडवायला दातेरी चाकांची एक छोटी साखळी असते आणि शेवटच्या चाकाला घड्याळासारखी डुलणारी पट्टी. एक सेकंदाला ‘घर्रर्र’ ऐकू येतं ते तिचंच. वरच्या स्पीडला ही साखळी जवळपास बाजूलाच होते. म्हणून आजारी शटर तीनशेला (म्हणजे सेकंदाच्या तीनशेव्या भागाला) ठणठणीत वाटतं आणि एक सेकंदाला रडतं. काकाजींचं अगदी तसंच होतं.

आता उघडायची वेळ. आयसोलेटमध्ये खरा वैताग शटरचा नाहीच, पुढच्या भिंगाचा आहे. ॲग्फाने फोकसच्या आट्यांना लावलेलं हिरवं ग्रीस आता सिमेंट झालेलं असतं. पुढचं भिंग फिरवायला जावं तर मधलंही त्याच्यासोबत निघून येतं. लायटरचं पेट्रोल थेंबथेंब सोडायचं, हेअर ड्रायरने शेकायचं, थांबायचं, पुन्हा शेकायचं (हे दोन्ही एका वेळी मुळीच नाही, पेट्रोल उडून गेल्यावरच ड्रायर). खिडक्या उघड्या, शेजारी स्वयंपाकघर असेल तर गॅस बंद. आमच्या घरी त्या वासावरून जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

भिंग सुटलं, वरची कडी, स्पीडचं चाक आणि त्याखालची खाचांची चकती निघाली, आणि डुलणारी पट्टी उघडी पडली. तिच्या मुळाशी मधाच्या रंगाचा कडक थर. टोकदार काडीने टोचलं तर खपली निघावी तसा निघाला. पातींवर मात्र उलट, ओलसर चकाकी. कोणीतरी वरून तेल सोडलेलं होतं. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत असं तेल जागेवर थोडंच राहतंय? सरकत सरकत पातींवर येतं, आणि ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी ती चिकटतात.

मग धुणं. पेट्रोलमध्ये भिजवलेला ब्रश, शटर चालव, पुन्हा ब्रश, पाती टिपकागदाने कोरडी कर. पहिल्या धुण्यानंतर शटर झकास चालतं आणि वाळल्यावर परत अडखळतं, कारण विरघळलेली घाण पेट्रोल उडाल्यावर पुन्हा बसते. टिपकागदावर डाग पडेनासा झाला की मगच थांबायचं. शेवटी घड्याळाचं तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त चाकांच्या आसांना. पाती कोरडीठाक.

संध्याकाळी गारवा उतरल्यावर मुद्दाम पुन्हा मोजलं. एक सेकंदाला २४५ फ्रेम, पंचविसाव्या भागाला दहा. तीनशे मोबाइलला झेपत नाही. त्यासाठी माझ्याकडे कॉम्प्युटरच्या माइकला जोडलेला प्रकाशाचा सेन्सर आहे. त्यात तीनशेचा स्पीड दोनशेवीसच्या आसपास निघाला. इतक्या जुन्या शटरला वरचा स्पीड पूर्ण लागत नाही, आणि तो ओढून आणायला स्प्रिंगशी खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. निगेटिव्ह रोल एवढा फरक सहज पचवतो.

कॅमेरा देताना हे सगळं काकाजींना समजावून सांगितलं, आणि तीनशेला लावाल तेव्हा दोनशे धरूनच हिशोब करा असंही.

त्यांनी चष्मा वर केला. “म्हणजे तीनशे लिहिलं अन् निघते दोनशेवीस?”

“हो.”

“मग भाऊ, तुमच्या बिलाले पण तोच हिशोब लावा न.”