गटात वाचायची कादंबरी मी कशी निवडते

मुलांचा वाचनगट चालवते हे कळलं की लोक आधी यादी मागतात. "दहा चांगली पुस्तकं सांगा की, आमच्या अपार्टमेंटमध्ये पण सुरू करायचंय." यादी द्यायला माझी ना नाही. पण एकट्याने वाचायचं चांगलं पुस्तक आणि गटात वाचायचं पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते न सांगता नुसती यादी पाठवणं मला पटत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी आमच्या गटाबद्दल. मी सांगलीत विश्रामबागला राहते, मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघते. रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये सतरंजी पडते आणि पाचवी ते नववीची सात-आठ मुलं येऊन बसतात. निम्मी मराठी किंवा सेमीची, निम्मी इंग्रजी माध्यमाची. इंग्रजी माध्यमाची मुलं घरी अस्सल सांगली बोलतात, पण छापील मराठी समोर आलं की जोडाक्षरापाशी अडखळतात. त्यामुळे आम्ही मोठ्याने वाचतो, पाळीपाळीने. ज्याला वाचायचं नाही त्याने ऐकायचं, त्यावरून कुणी कुणाला हसायचं नाही. तासभर वाचन, मग बोलणं. बोलणं रंगलं की आया खाली स्कूटर घेऊन थांबलेल्या असतात आणि वर कुणी उठायला तयार नसतं.

हे बोलणं रंगवणारी कादंबरी शोधणं, हेच माझं खरं काम. एकट्याने वाचताना पुस्तक नुसतं सुंदर असलं तरी पुरतं. गटात तसं होत नाही. सुंदर पुस्तक संपलं की सगळे म्हणतात "छान होतं काकू," आणि पुढे शांतता. मला असं पुस्तक लागतं की ज्यात कुणालातरी दोनातलं एक निवडावं लागतं आणि काहीही निवडलं तरी काहीतरी हातचं जातं. वाचणारी दोन शहाणी मुलं त्यावरून खरोखर भांडू शकली पाहिजेत. निवडताना मी आधी सगळं पुस्तक स्वतः वाचते आणि अशी जागा सापडली की तिथे पेन्सिलीने रेघ मारते. शेवटपर्यंत एकही रेघ पडली नाही, तर पुस्तक कितीही नावाजलेलं असो, गटासाठी घेत नाही. घरी वाचायला जरूर देते.

'पाडस'चंच बघा. मूळ अमेरिकन कादंबरी १९३८ सालची, १९३९ मध्ये तिला पुलित्झर मिळालं, आणि मराठीत ती राम पटवर्धनांनी अशी आणली आहे की मुलांना भाषांतर वाचतोय हे जाणवतही नाही. (शेवट सांगतेय, कारण हे निवडणाऱ्या मोठ्यांसाठी लिहितेय. मुलांना सांगू नका.) फ्लोरिडातल्या जंगलात राहणारं गरीब शेतकरी कुटुंब, आई-बाप आणि एकुलता एक ज्योडी. बापाला साप चावतो. काळीज जखमेवर लावून विष उतरवण्यासाठी तो समोर दिसलेली हरिणी मारतो, आणि तिचं पोरकं पाडस ज्योडी घरी आणतो. पुढे ते मोठं होतं आणि कोवळा मका खायला लागतं. ज्योडी पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो, ते उडी मारून आत येतं. त्या मक्यावर घराचं वर्षभराचं पोट. आणि मग बाप, इतका मायाळू बाप, पोराला म्हणतो की त्याला मारावं लागेल.

आमच्याकडे त्या रविवारी एक सहावीतली मुलगी रडायलाच लागली. बाप दुष्ट आहे म्हणाली. तिच्या शेजारी बसलेला सातवीतला मुलगा, त्याचं आजोळ शिराळा तालुक्यातलं, तो म्हणाला, "तुमचं रान डुकरांनी एका रात्रीत लोळवलंय का कधी? आमच्या मामाचं लोळवलंय." मग तो बराच वेळ मामाचं सांगत होता. रात्री राखणीला जाणं, डबे वाजवणं, सकाळी आडवा झालेला शाळू. ती मुलगी ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पण डुक्कर मामानं पाळलेलं नव्हतं ना. आणि याची आई तर यांनीच मारली होती." यावर त्या मुलाला उत्तर सुचलं नाही आणि मलाही सुचलं नाही. कुणाचंही मत बदललं नाही. पण त्या दोघांनी एकमेकांचं इतकं नीट ऐकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. अशा एका तासासाठी जाडजूड पुस्तक सबंध पावसाळाभर वाचायची माझी तयारी असते.

जाडीचा प्रश्न मात्र खरा आहे. नव्या गटाने पहिल्यांदाच 'पाडस' घेऊ नये, मुलं अर्ध्यावर गळतात. पहिली कादंबरी दोन-तीन रविवारांत संपणारी हवी, म्हणजे "आम्ही एक संपवली" ही भावना लवकर मिळते. त्यासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून चालतो. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला बन्या सायकल काढतो आणि अडखळत वाचणारं पोरही पुढे काय झालं म्हणून पान उलटतं. त्यात भांडायला फारशा जागा नाहीत, हे मान्य. पण वाचनाचा वेग आणि धीर त्याने येतो. तेवढ्यासाठी सुरुवातीला तोच.

आता आमच्या जिल्ह्याचं पुस्तक. व्यंकटेश माडगूळकर आटपाडीकडच्या माडगूळचे. 'बनगरवाडी' १९५५ ची. मला विचाराल तर सातवी-आठवीच्या पुढच्या कुठल्याही मराठी वाचनगटाने ही वाचायलाच हवी, आणि सांगली-साताऱ्याकडच्या गटाने तर आधी. आकाराने बेताची, भाषा सरळ, वाक्यं लहान. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही झेपते. विषय काय, तर मिसरूड फुटतंय न फुटतंय अशा वयाचा एक मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो आणि बघता बघता शाळेपलीकडच्या सगळ्या भानगडींत ओढला जातो. माझ्या प्रतीत पेन्सिलीच्या रेघाच रेघा आहेत.

शेकू धनगराकडे एकच बैल असतो आणि दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको स्वतः खांदा देते. आम्ही तिथे थांबलो. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाईनं किती केलं!" दुसरी पटकन म्हणाली, "केलं की करावं लागलं?" त्यावर मुलगे गप्प, आणि मुलींमध्येच जुंपली. दुसऱ्या रविवारी मास्तर सगळ्या वाडीला लावून तालीम बांधून घेतो तो भाग आला. मी एवढंच विचारलं, तालीम वाडीला हवी होती की मास्तरला? हा प्रश्न अजूनही मुलं कधीमधी काढतात.

या पुस्तकाची आणखी एक गंमत मला आधी लक्षात आली नव्हती. कवठेपिरानकडून येणाऱ्या एका मुलाच्या शेतात दरवर्षी मेंढ्या बसवतात, लेंडीखतासाठी. तो म्हणाला, "ती माणसं आमच्याकडे दोन-तीन रात्री असतात, पण मी कधी बोललो नाही." पुढच्या वेळी मेंढरं आली तेव्हा तो जाऊन बोलला. त्यांचं गाव, किती दिवस चालत आले, पोरं शाळेत कधी जातात, सगळं विचारून आला आणि गटात येऊन सांगितलं. आणि शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते ते वाचल्यावर सगळ्यात लहान मुलाने विचारलं, "आता आटपाडीला टेंभू योजनेचं पाणी आलंय ना, मग ती माणसं परत आली असतील का?" मोठी मुलं हसली नाहीत. हिशेब करायला लागली, मास्तर आता किती वर्षांचा असेल.

पालकांच्या मागण्यांबद्दल थोडं. संस्कार करणारं पुस्तक घ्या, थोर पुरुषांवरची कादंबरी घ्या, असं बरेच जण सांगतात. त्यामागची माया मला कळते. पण थोर माणसावरच्या कादंबरीत बरोबर कोण आणि चूक कोण हे मुलांना पहिल्या पानाच्या आधीच माहीत असतं, मग ती बोलत नाहीत, घोषणा देतात. ती पुस्तकं घरी वाचावीत, अभिमानाने वाचावीत. गटाचा तास मला वेगळ्या कामासाठी हवा असतो.

'श्यामची आई' मी पूर्ण घेत नाही, पण एकेक रात्र घेते. बेचाळीस रात्री आहेत, प्रत्येक एका बैठकीत वाचून होते. श्याम पोहायला जायला घाबरून लपतो आणि आई त्याला बदडून बाहेर काढते, ती रात्र जरूर वाचा. सगळे एका सुरात आईची थोरवी सांगतील असं वाटत असेल, तर प्रत्यक्षात वाचून बघा. "मारल्यामुळे भीती जाते का?" यावर आमच्याकडे पाचवीतली मुलंसुद्धा स्वतःच्या अंगावरची उदाहरणं घेऊन बोलली. १९३५ सालच्या पुस्तकाला आजच्या मुलांनी प्रश्न विचारणं हा त्याचा मान आहे असं मी मानते. मारावर रागावलेली मुलंही पुढच्या रविवारी आणखी एक रात्र वाचायला मागत होती.

'तोत्तोचान'बद्दल नेहमी विचारणा होते. ती कादंबरी नाही, एका जपानी लेखिकेच्या लहानपणच्या शाळेच्या आठवणी आहेत, पण वाचली कादंबरीसारखीच जाते. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, पोरीचं बोलणं तासन् तास ऐकणारे मुख्याध्यापक. मुलांना फार आवडते. फक्त त्यानंतर स्वतःच्या शाळेबद्दल जे बोलणं होतं ते ऐकायची आणि पोटात ठेवायची तयारी असेल तरच घ्या. मुलं विश्वासाने बोलतात. ते शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाता कामा नये.

प्रतींची अडचण सगळीकडे सारखी. आठ मुलांत किमान चार प्रती हव्यात, दोघांत एक. जुनी पुस्तकं एकदम चार मिळत नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली, त्या आधीच्या जुन्या प्रतींची हळहळ मला अजून वाटते. आम्ही घराघरांतून गोळा करतो. कुणाच्या आजोबांच्या कपाटात, कुणाच्या मावशीकडे मिरजेला. उरलेल्या विकत घेतो. झेरॉक्स काढून वाटायची नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरवलंय. पुस्तक लिहिणाऱ्याला आणि छापणाऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत, आणि हेही मुलांना कळलं पाहिजे.

निवडीत मुलांचा वाटा किती? बराच. मी तीन कादंबऱ्या समोर ठेवते, तिन्हींची पहिली दोन-तीन पानं वाचून दाखवते आणि हात वर करायला सांगते. तिन्ही मी आधी वाचलेल्या असतात, म्हणून कुठलीही निवडली तरी चालते. आणि पन्नास पानांनंतर बहुतेकांना नकोशी झाली तर सोडून द्यायची मुभा आहे. त्यांची आवड ओळखायला आम्ही त्यांना भिलारलाही नेलं होतं. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं ते गाव मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. घरांमधून पुस्तकं मांडलेली, कुणीही बसून वाचावं. मी मुलांना मोकळं सोडलं आणि कोण काय उचलतंय, अर्ध्या तासानंतरही हातात काय आहे, एवढंच टिपून ठेवलं. पुढच्या दोन निवडी त्या कागदावरून झाल्या.

नववीच्या मुलांसाठी आता 'फकिरा' घ्यायचं ठरलंय. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे आपल्या वाळवा तालुक्यातले, आणि ही कादंबरी १९५९ ची. भुकेने मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटणं ही चोरी आहे का, या प्रश्नावर किमान दोन रविवार जाणार हे मला आत्ताच दिसतंय. हिंसा आहे, दारिद्र्य आहे, जातीचं वास्तव आहे, म्हणून पालकांशी आधी बोलून घेतलंय. एकाने विचार करून सांगतो म्हटलं, बाकीच्यांनी होकार दिलाय. दोघांनी तर आम्हीही बसू का विचारलं. बसा म्हटलं, पण मुलांचं बोलून झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. प्रती तीन जमल्यात, आणखी एक हवी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी सुरू करतोय.