कार्बनची बॅट घेतली आणि माझा पुश मेला

साधारण तीन वर्षं मी टेबल टेनिसला एकच बॅट वापरत होतो, ती रबर चिकटवून तयार मिळते ना, तसली, आणि खरं सांगायचं तर बरं चाललं होतं. मग व्हिडिओ बघायचं वेड लागलं. चीनच्या झांग जिकेचा बॅकहँड बघायचा, मग त्याच्या हातात कुठलं ब्लेड (रबराखालचं लाकूड, हँडलसकट) ते शोधायचं, तर म्हणे व्हिस्कारिया, मग त्यात काय असतं तर पाच लाकडाचे थर आणि एरिलेट-कार्बनचे दोन, मग त्यावर टेनर्जी रबर लावायचं का डिग्निक्स, आणि हा सगळा अभ्यास रात्री दीड वाजता. शेवटी त्याच जातीचं एक कार्बन ब्लेड घेतलं (नाव नाही घेत, चूक ब्लेडची नव्हतीच) आणि दोन्ही बाजूंना मॅक्स, म्हणजे सगळ्यात जास्त जाडीचं उसळतं रबर. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरंय.

पहिले दोन दिवस मी हवेत. फोरहँड काउंटर, म्हणजे आलेल्या फटक्यावर उलटा फटका, मारला की असा टणत्कार व्हायचा की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायचे. तिसऱ्या दिवशी गेम खेळायला सुरुवात केली आणि सगळं कोसळलं. समोरच्यानं आखूड, खालून कापलेली सर्व्हिस टाकली की मी नेहमीसारखा पुश करायला (बॉल खालून हलकेच कापून परत ठेवायला) जायचो आणि बॉल एक तर टेबलाबाहेर नाहीतर नेटच्या वर वीतभर उंच, म्हणजे समोरच्याला ताटात वाढून दिल्यासारखा.

आमच्यात एक काका खेळतात, बॅकहँडला लाँग पिंपल (लांब दाण्यांचं रबर), ब्लेड इतकं जुनं की हँडल काळंकुळकुळीत झालंय. त्यांनी मला ११-४, ११-५ असं गुंडाळलं आणि पाणी पिता पिता म्हणाले, "अरे, मारतोस छान. पण मारायची वेळ येईपर्यंत टिकतोस कुठे?" मी म्हटलं काका, नवीन बॅट आहे, सवय नाही अजून. ते नुसते हसले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि ते मीच पैसे मोजून वाकडं करून घेतलं होतं.

त्या आठवड्यात एक काम केलं, प्रत्येक गेम झाला की लगेच फोनमध्ये टिपून ठेवायचं की पॉइंट कुठे गेले. सर्व्हिस रिसीव्ह, पुश, ब्लॉक (आलेला फटका बॅट धरून अडवणं), पहिला लूप (वर घासत मारलेला स्पिनचा फटका), लांबून रॅली, इतकेच कप्पे. निम्म्याहून जास्त पॉइंट पहिल्या दोन कप्प्यांत, आणि लांबून रॅली, जिच्यासाठी एवढं कार्बन घेतलं होतं, तिथपर्यंत गेममध्ये जेमतेम दोनतीनदा पोचत होतो. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की बॅट कधी स्मॅश मारून निवडू नये, पुश करून निवडावी. जोरात मारलं तर जवळपास कुठल्याही बॅटनं बॉल जोरात जातोच. हळू मारलं तर हळू जातो का, हे विचारा तिला.

हे का होतं ते मला नंतर कळलं. ब्लेड जितकं कडक तितका बॉल बॅटवर कमी थांबतो, आणि हलक्या फटक्यालाही झटकन सुटतो. त्यात वरचं रबर टेन्शनवालं, म्हणजे आतून ताणलेलं, असेल तर त्याचा स्पंज (रबराखालचा मऊ थर) स्वतःहून बॉल फेकतो, तुम्ही सांगा न सांगा. दोन्ही एकत्र आले की हळुवार असं काही उरतच नाही. नियमानं ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकूडच लागतो आणि कार्बनसारखा एकेक थर ०.३५ मिलिमीटरच्या वर चालत नाही, म्हणजे केसभर जाडीची गोष्ट आहे, पण तेवढ्यानंही खेळ बदलतो. आणि तो थर कुठे आहे त्यानंही. वरच्या लाकडाला लागून असेल तर हलक्या टचलाही कडक लागतो, मधल्या गाभ्याला चिकटून असेल तर हळू फटक्याला लाकडासारखा वागतो आणि जोरात मारल्यावरच कार्बन जागं होतं. ज्यांना कार्बन हवंच आहे त्यांनी निदान हा दुसरा प्रकार आधी बघा, मी वरचा घेतला होता, अर्थात.

नाहीतर साधं पाच थरांचं लाकडी ब्लेड. ऑलराउंड म्हटलं की लोकांना वाटतं हे शिकाऊ पोरांचं, पण स्टिगाचं ऑलराउंड क्लासिक कितीतरी वर्षं लोक वापरतायत ते उगाच नाही. टेबलाजवळ उभं राहून ब्लॉक आणि सपाट फटके हाच ज्यांचा खेळ आहे त्यांना सात थरांचं बरं पडतं, थोडं जड, थोडं ठोस, क्लिपर त्यातलंच. चॉप करत, म्हणजे खालून कापत, लांबून खेळणाऱ्यांसाठी पातळ, हळू आणि पात्याला जरा मोठं ब्लेड येतं. हँडल फ्लेअर (खाली रुंदावत जाणारं) का स्ट्रेट (सरळ) यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मी घालणार नाही, हातात धरून बघा आणि खेळताना बाजू बदलायला बॅट हातात फिरवायची सवय असेल तर स्ट्रेट घ्या, संपलं.

वजनाचं मात्र नक्की बघा. एकाच नावाची दोन ब्लेडं, एक ८३ ग्रॅम आणि एक ९२, असं सर्रास होतं, लाकूडच आहे शेवटी. त्यात रबर कापल्यावर एकेक ४५ ते ५० ग्रॅम धरा, चायनीज कडक स्पंजचं त्याहूनही जड. माझी ती कार्बनची बॅट स्वयंपाकघरातल्या काट्यावर १९४ भरली! तासाभरानंतर मनगट का दुखतं याचं उत्तर तिथंच मिळालं. आता १८० च्या आसपास आहे आणि बॅकहँडला बॅट वेळेवर पुढे येते.

आता रबर, आणि इथं माझा दुसरा गाढवपणा. डीएचएस या चायनीज कंपनीच्या हरिकेन ३ वर ३९, ४० असा आकडा असतो, जर्मनीत बनणाऱ्या रबरांवर ४७.५ असा, आणि टेनर्जी ०५ चा सांगतात ३६. मला वाटलं सोपं आहे, आकडा मोठा म्हणजे रबर कडक, मग हरिकेन मधोमध येणार. घेतलं, लावलं, आणि बॉल दगडावर आपटल्यासारखा. हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या मापांचे आहेत आणि चायनीज ४० हा जर्मन ४७.५ पेक्षा चांगलाच कडक भरतो. किलो आणि शेर एकाच रांगेत लिहिल्यासारखा प्रकार.

पण हरिकेनच्या त्याच चिकट रबरानं एक गोष्ट शिकवली. बॉल त्याच्यावर हळू टेकवला तर तो मेल्यासारखा राहतो, पुश नेटला घासून खाली बसतो, सर्व्हिसला स्पिन सुरेख येतो. फक्त लूप काढायचा तर कंबरेपासून पूर्ण अंग फिरवावं लागतं, अर्धवट फटक्याला ते काहीच देत नाही. म्हणूनच बरेच जण चिकट, कडक रबर फोरहँडला लावतात, तिथं हात फिरवायला जागा असते, आणि बॅकहँडला जरा मऊ, स्वतःहून उसळी देणारं, कारण तिथं झटका छोटा असतो. स्पंजची जाडीही लोक डोळे मिटून मॅक्स घेतात. बॅकहँडला १.८ किंवा २.० लावून बघा, ब्लॉक आणि रिसीव्हमध्ये जो फरक पडतो तो मला तरी ब्लेड बदलण्याइतका वाटला.

रिव्ह्यू वाचताना तारीख बघा हेही सांगून टाकतो. बॉल २००० साली ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला आणि २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचा आला, त्यात स्पिन कमी झाला. त्याआधी कुणी लिहिलं असेल की अमुक रबरात वेड्यासारखा स्पिन आहे तर तो वेगळ्या बॉलचा स्पिन होता. तसंच रबराचा वेग वाढवणारा स्पीड ग्लू २००८ मध्ये बंद झाला, त्याच्या आधीचे वेगाचे गोडवे आज आपल्या काही कामाचे नाहीत.

पिंपल्सबद्दल लोकांच्या मनात फार अढी आहे, हरलं की पहिलं वाक्य, "त्याच्याकडे पिंपल होतं." लांब, मऊ पिंपल बॉल पकडत नाही, त्यामुळे तुमचाच स्पिन जवळजवळ तसाच परत येतो, तुम्ही टॉपस्पिन मारला तर खालून कापलेला येतो आणि तुम्ही पुश केला तर रिकामा नाहीतर किंचित वर चढणारा. कळलं की जादू संपते (मला कळायला दीड वर्ष लागलं, ते सोडा). आणि ते नुसतं बचावाचं हत्यारही नाही, मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल लावते, रॅली चालू असताना बॅट फिरवते, आणि २०१८ च्या कॉमनवेल्थमध्ये एकेरीचं सोनं घेऊन आली. एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या रंगाची हा नियम त्यासाठीच आहे, कुठली बाजू वापरली ते समोरच्याला दिसावं म्हणून. मॅचच्या आधी समोरच्याची बॅट हातात घेऊन बघायचा तुम्हाला हक्क आहे, लाजू नका, अंगठा फिरवून बघा.

"साहित्यानं काही होत नाही, खेळ हवा" म्हणणारेही भेटतात. त्यांना मी १९५२ ची मुंबईतली जागतिक स्पर्धा सांगतो. बाकीचे बहुतेक जण पिंपलच्या कडक बॅटनं टॉक टॉक वाजवत होते आणि जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावून आला, त्या बॅटचा आवाजच नाही, बॉल कधी लागला ते कळेना, एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला. साहित्यानं होतं, भरपूर होतं, म्हणून तर उलटंही होतं ना.

माझं आता काय आहे विचाराल तर पाच थरांचं लाकूड, ८६ ग्रॅम, फोरहँडला मध्यम कडक थोडं चिकट, बॅकहँडला मऊ २.० मिलिमीटर. बदलताना एका वेळी एकच गोष्ट बदलली, आधी ब्लेड, महिन्यानं बॅकहँड, मग फोरहँड, नाहीतर कशामुळे काय सुधारलं ते कळत नाही. काकांशी परवा ३-२ नं हरलो, पण रिसीव्हवर शेवटच्या गेममध्ये एकच पॉइंट गेला. काकांनी बॅट मागून घेतली, दोनदा बॉल टेकवून पाहिला आणि परत दिली. बोलले काहीच नाहीत, पण पुढच्या मॅचला आखूड सर्व्हिस टाकायचं बंद केलं.

बॅकहँडचं रबर आता कडेनं पांढरं पडलंय, बॉल घसरायला लागलाय, नवीन शीट आणून ठेवलीय. गेल्या वेळी स्वतः कापायला गेलो आणि बोथट कटरनं एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर आत शिरलो, तेवढा लाकडाचा उघडा तुकडा बॅटच्या कडेला लावतात त्या एज टेपखाली लपवून वर्षभर खेळलो. या वेळी ग्लू दोन्हीकडे लावून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबायचं, हँडलकडून वर लाटण्यानं बसवत न्यायचं, मधे बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि कटरला नवीन पातं घालायचं. रविवारी बसणार आहे.