निकाल लागला, वाटप बाकी

वाटपाच्या जुन्या दाव्याचा त्या दिवशी निकाल होता. फाइल सिनिअरांकडून माझ्याकडे आली तेव्हाच मूळ वादी मयत होते, दोन प्रतिवादीही. शीर्षकात नावांखाली १अ, १ब, ३अ, ३ब अशी वारसांची रांग.

आदल्या संध्याकाळी रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, चाळला. लोकांना वाटतं, वकील वर्षानुवर्षं भांडत असतात. छे! वादीचा उलटतपास दोन तारखांत आटोपला होता, युक्तिवाद एका दुपारी. बाकी सगळं ‘समन्स बजावणीविना परत’, ‘वारसांसाठी अर्ज’, ‘साहेब रजेवर’, ‘मुदत अर्ज मंजूर’. एका भावाच्या दाराला समन्स बजावणारा बेलीफ गेला की कुलूप. शेवटी पेपरात जाहीर समन्स द्यावं लागलं.

पक्षकार वारला की ९० दिवसांत वारस लावायचे, नाहीतर त्याच्यापुरता दावा अबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो. मग विलंबमाफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, आदेश, आणि नव्या वारसांना पुन्हा समन्स. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलींचे पत्ते शोधण्यातच महिने जातात.

दिवाणी प्रक्रिया संहितेत मुदती आहेत की! कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत, फार तर ९०. सुनावणीत एका पक्षकाराला तीनच तहकुबी. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अपवादात्मक परिस्थितीत सवलतीला वाव ठेवला, आणि आमच्याकडे प्रत्येक मुदत अर्जातली परिस्थिती अपवादात्मकच असते.

पुकारा झाला. वादीची मुलगी, आमची १अ, पुढे आली. साहेबांनी आदेशाचा भाग तेवढा वाचला: दावा मंजूर, वादीच्या वारसांना एक तृतीयांश हिस्सा, प्राथमिक हुकूमनामा करावा. दोन मिनिटांत पुढचं प्रकरण.

बाहेर येताच तिने विचारलं, “वकीलसाहेब, मग यंदाची पेरणी आम्हीच करायची ना?”

“ताई, हिस्सा ठरलाय, तुकडा नाही. शेतजमीन आहे, कलम ५४ प्रमाणे वाटप कलेक्टरमार्फत. मोजणी होईल, मग ताबा. त्यात त्यांनी अपिलात स्टे आणला तर तेही थांबेल.”

ती काही बोलायच्या आत समोरचे वकील जिन्यात भेटले. निकालाच्या नकलेचा अर्ज टाकून आले होते. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, नक्कल मिळेपर्यंतचे दिवस वेगळे. मी लगेच कॅव्हेटवर, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय स्टे देऊ नये’ या अर्जावर, तिची सही घेतली. ते ९० दिवस चालतं. सही करून तिने मुलाचा मोबाइल नंबर लिहून घ्यायला लावला. “पुढच्या तारखांना तो येत जाईल,” म्हणाली.