तुम्ही विचारलंत म्हणून: मावशीच्या लुगड्यात नवा नट

गणपती जवळ आले की राजेंद्रनगर असो की लोकमान्यनगर, इंदुरातल्या मंडळांच्या तालमीत हा प्रश्न निघतोच. चापट्या, धडपड, आपटाआपटीचे गाजलेले विनोदी प्रवेश नव्या पोरांकडून पुन्हा करून घ्यावेत का? की लॉरेल-हार्डीचं, लक्ष्या-अशोकचं जे होतं ते त्यांच्यापाशीच राहू द्यावं?

करून घ्यावेत. अट एकच: प्रवेशाचं गणित उचला, नटाचा चेहरा नको.

'पुन्हा करणं म्हणजे विटंबना' म्हणणाऱ्यांनी 'मोरूची मावशी' आठवावी. ब्रँडन थॉमसचं मूळ इंग्रजी नाटक १८९२ चं. अत्र्यांनी ते मराठीत आणलं, आणि मावशी बापूराव माने, विजय चव्हाण, भरत जाधव अशा वेगवेगळ्या अंगांनी उभी राहिली. 'अशी ही बनवाबनवी'सुद्धा १९६६ च्या एका हिंदी चित्रपटावरून १९८८ साली बेतलेली. आज तिला हात लावू नका म्हणणारे हे सोयीस्करपणे विसरतात. लॉरेल-हार्डींनी तर स्वतःचंच काम पुन्हा केलं. १९२७ च्या मूकपटात ते उंच जिन्यावरून कपडे धुण्याचं यंत्र चढवतात. १९३२ साली जिना तोच ठेवला आणि यंत्राच्या जागी पियानो आणला. बोलपट आला होता. आता प्रत्येक आदळआपटीला पियानो आतून झंकारणार होता. त्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. एकच वस्तू बदलली, पण नेमकी.

याउलट २०१२ साली 'थ्री स्टूजेस' या जुन्या अमेरिकन विनोदी त्रिकुटावर नव्या नटांचा चित्रपट निघाला. आवाज, केस, चालणं, सगळं घोटून घेतलेलं. नक्कल इतकी चोख, की आपण विनोद बघायचा सोडून नक्कल तपासत बसतो. खुद्द मूळ त्रिकुटात कर्ली आजारी पडल्यावर शेम्प आला, तेव्हा त्याने कर्लीची नक्कल केली नाही. स्वतःच्या ढंगात मार खाल्ला आणि गाडी पुढे चालली.

इंदुरात हे प्रवेश करायला आणखी एक कारण आहे. आपल्या तिसऱ्या पिढीच्या कानाला पुणेरी शाब्दिक कोटी उशिरा कळते, शेजारच्या हिंदीभाषक पाहुण्यांना कळतच नाही. पाय घसरला की मात्र सगळा मांडव एकदम हसतो.

आता गणित. चापटीपासून सुरुवात करा. मारणाऱ्याचा हात चेहऱ्यापासून निदान एक वीत लांबून गेला पाहिजे. मार खाणाऱ्याची पाठ प्रेक्षकांकडे अर्धवट वळलेली, आणि आवाज तो स्वतःच काढतो, छातीजवळ लपवलेल्या हातांनी टाळी वाजवून. क्रम असा: दोघांची नजर भेटते, हात मागे जातो, क्षणभर थांबतो, फिरतो; हात नाकासमोर आला की टाळी आणि मान एकाच वेळी. नवा नट नव्वद टक्के वेळा मान आधी फिरवतो, कारण त्याला खरंच लागेल अशी भीती असते. उपाय म्हणजे पावपट वेगात, तोंडाने आकडे मोजत तालीम. वेग शेवटच्या दोन-तीन तालमींतच वाढवायचा. नजर भेटली नाही तर हात फिरवायचाच नाही, हा नियम प्रयोगातही पाळायचा.

विद्यापीठाच्या सभागृहात, म्हणजे 'सानंद' या इथल्या संस्थेची नाटकं होतात तिथे, प्रेक्षक समोर असतो. हे तिथे खपतं. मांडवात पोरं स्टेजच्या कडेला चिकटून बसतात आणि मधली जागा पाहून मोठ्याने सांगतात, ‘लागलंच नाही!’ तिथे सरळ फटाकडी वापरा: दीड फुटाच्या दोन पातळ लाकडी पट्ट्या, मुठीपाशी बांधलेल्या, मध्ये छोटी चकती. पाठीवर हलकी टेकवली तरी पट्ट्या एकमेकींवर आपटून कडाडतात. इटलीचे विदूषक शेकडो वर्षं हेच हातात घेऊन फिरत. बाकीच्या आवाजांसाठी विंगेत ढोलकीवाला बसवा. स्टूजेसच्या डोळ्यात बोटं घालण्याला आवाज नंतर जोडलेला असे, आणि बोटं भुवईवर टेकत. तो प्रवेश मुलांना मात्र देऊ नका, घरी जाऊन करतील.

आरशाच्या प्रवेशाला, म्हणजे एक नट दुसऱ्याचं प्रतिबिंब होतो त्याला, दोघांची उंची दोन इंचांपेक्षा जास्त वेगळी चालत नाही. काच नसलेली, साधारण सात फूट उंचीची चौकट, आणि दोन्ही बाजूंना सारखाच उजेड. मागचा नट पुढच्याच्या डोळ्यांत नव्हे, छातीकडे पाहतो. हालचाल तिथे आधी कळते. हमखास चूक ही: पुढच्याने उजवा हात उचलला की मागचाही उजवाच उचलतो. आरशात डावा हवा. आठ-दहा हालचाली पक्क्या बसल्या की मगच तो एक बिघाड घाला, ज्यासाठी सगळा प्रवेश असतो. आधी घातला तर प्रेक्षकाला वाटतं, यांची तालीमच झाली नाही.

मूकपटांचा वेग मात्र मागू नका. तेव्हा हाताने कॅमेरा फिरवून कमी चौकटी टिपत आणि पडद्यावर जास्त वेगाने दाखवत. जिवंत माणूस तसा पळू शकत नाही. पळाला तर पाय मुरगळतो आणि वाक्यं गिळली जातात. मोबाइलवर चित्रण करणार असाल तर नट डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत ठेवा. पडणारा माणूस जवळून दाखवला की फक्त चेहरा वाकडा झालेला दिसतो.

केक तोंडावर फेकण्याचंही विचारता. दाढीचा फेस डोळ्यांना झोंबतो, श्रीखंड (हा सल्ला दरवर्षी कुणीतरी देतंच) जड असतं आणि त्याचं आंबटही डोळ्यांत जातं. फेटलेलं क्रीम बरं, पण भाद्रपदातल्या दमट हवेत दिव्यांखाली ते लवकर वितळतं. प्रवेशाच्या अगदी आधी ताटलीत काढायचं, दोन बोटं जाडीचं. ताटली मऊ कागदाची. नेम कपाळ आणि गालावर, नाक टाळून. तोंडावर केक घेणाऱ्याने डोळे मिटून श्वास सोडत राहायचं. आणि हा प्रवेश शेवटी ठेवा, कारण त्यानंतर त्या फळीवर कुणी ठरवून पडायचं नसतं, आपोआपच पडतात.