हात-प्रकल्प, नोंद ११: दिवसा शहाणा, रात्री वेडा

पेला उचलला! वीसपैकी एकोणीस वेळा, तेही रात्री साडेअकराला. मागच्या तीन नोंदी वाचलेल्यांना ‘रात्री’ या शब्दाचं मोल कळेल. नव्याने आलेल्यांसाठी एवढंच सांगते की ‘हात’ म्हणजे मी बनवत असलेला, कॅमेऱ्याने पाहून चालणारा रोबो-हात, आणि नोंद ८ पासून तो पेल्यापर्यंत झोकात जायचा आणि शेवटच्या चार सेंटिमीटरवर अंगात आल्यासारखा झुलायला लागायचा.

झुलण्याचं मूळ नोंद ९ मध्येच सापडलं होतं. कॅमेऱ्यात दिसणारा हात आत्ताचा नसतो, 120 मिलिसेकंद शिळा असतो. त्या शिळ्या चित्रावरून प्रोग्रॅम म्हणतो ‘अजून डावीकडे’, तोवर हात डावीकडे पोचून पुढे गेलेला असतो. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. गेन, म्हणजे चूक दिसली की दुरुस्ती किती जोरात करायची ते प्रमाण, उतरवला की झुलणं थांबतं, पण मग हात असा रेंगाळतो की तो पोचेपर्यंत पेल्यातलं पाणी आटून जावं.

आपला डोळाही काही फार चपळ नाही. हात वाटेत असताना समोरची वस्तू हलवली, तर हाताचा मार्ग वळायला 100 ते 150 मिलिसेकंद लागतातच. तरी आपण झुलत नाही, कारण मेंदू डोळ्यावर विसंबून बसत नाही. स्नायूंना आज्ञा सोडताना तिची एक प्रत तो स्वतःकडे ठेवतो आणि ‘एव्हाना हात इथे आला असेल’ असा अंदाज चालू ठेवतो. कारखान्यांमधल्या अशाच विलंबांसाठी अभियंते ऑटो स्मिथ यांनी 1957 मध्ये प्रेडिक्टर, म्हणजे विलंब धरून आधीच अंदाज बांधणारा नियंत्रक, मांडला होता. लहान मेंदू म्हणजे असाच स्मिथ प्रेडिक्टर आहे का, हा प्रश्न मेंदू-संशोधक मायल आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये विचारला. लहान मेंदूला इजा झालेल्या माणसाचा हात वस्तूजवळ पोचता पोचता थरथरू लागतो, हे वाचलं तेव्हा मी माझ्या टेबलावरच्या रोग्याकडे वळून पाहिलं होतं.

तर नोंद १० मध्ये प्रेडिक्टर बसवला. प्रोग्रॅममधल्या हाताच्या मॉडेलचा ताजा अंदाज खरा हात चालवतो. त्याच अंदाजाची 120 मिलिसेकंद मागे ठेवलेली प्रत कॅमेऱ्याशी ताडून पाहायची आणि जो फरक निघेल तेवढीच दुरुस्ती करायची. शनिवारी दुपारी हात लोण्यासारखा चालला. तुम्ही सगळ्यांनी अभिनंदनही केलंत. त्याच रात्री पुन्हा झुलला.

पुढचे तीन आठवडे मी चुकीच्या जागी खणत होते. आधी वाटलं सर्व्हो (सांधे फिरवणाऱ्या मोटरी) तापतात, पंखा लावला. मग वीजपुरवठ्यावर संशय. मोठा कपॅसिटर टाकला. मग कोपराच्या गिअरमधली ढिलाई. त्यापायी सर्व्होंची नवी जोडी मागवली, आणि ‘मेटल गिअर’ असं छातीठोक लिहिलेल्या त्या जोडीत फक्त शेवटचं चाक धातूचं निघालं, आतली सगळी प्लॅस्टिकची. विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण सल्ला फुकट आहे: पाकीट आलं की आधी स्क्रू काढा, मग कौतुक करा. (खांद्याला मात्र स्थिती परत कळवणारा सर्व्होच घ्या. तिथे कंजूषी करून मी पस्तावले आहे.)

शेवटी उजेड पडला तो अक्षरशः. खोलीतला दिवा बदलायला स्टुलावर चढले, दिवा काढताच हात जोरात झुलायला लागला. खाली उतरून जुनीच चाचणी पुन्हा केली: कॅमेऱ्यासमोर एलईडी लावायचा आणि तो पेटवल्यापासून फ्रेममध्ये दिसेपर्यंतचा वेळ मोजायचा. दुपारी 120. रात्री 205! अंधारात कॅमेरा आपणहून एक्स्पोजर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड घेण्याचा वेळ, लांबवतो, त्यापायी सेकंदाला 30 फ्रेम्सच्या 15 होतात. माझा प्रेडिक्टर बिचारा 120 चाच हिशेब धरून कॅमेऱ्याशी भांडत होता. एक्स्पोजर हाताने पक्कं केलं, बाजूला दिवा ठेवला आणि एकोणीस पेले उचलले गेले.

यात एक छोटं सुख वेगळंच. मेंदू-संशोधक झानरो यांनी 1980 च्या दशकात दाखवलं होतं की माणसाचा हात पुढे जातानाच बोटं फाकतात, वस्तूच्या रुंदीपेक्षा जास्त, आणि साधारण 60 ते 80 टक्के वेळ सरल्यावर मिटू लागतात. मी 70 वर ठेवलंय. आधी हात नेऊन थांबवायचा आणि मग बोटं उघडायची, या माझ्या जुन्या पद्धतीपुढे हे इतकं देखणं दिसतं की मी पेला नसतानाही दोनचारदा चालवून पाहिलं.

इथवर लिहिलं आणि दिवा ही पळवाट आहे हे खटकायला लागलं. मंद उजेडात आपला डोळाही मंदावतो. एका डोळ्यावर गडद काच धरून दोन्ही डोळ्यांनी लंबकाकडे पाहा, तो सरळ रेषेत न झुलता गोल फिरतोय असं वाटेल. काचेमागच्या डोळ्याचं चित्र मेंदूपर्यंत उशिरा पोचतं म्हणून असं होतं, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पुलफ्रिख यांनी 1922 मध्येच समजावून सांगितलं होतं. आणि तरी संध्याकाळी आपण पेला बरोबर उचलतो. म्हणजे विलंब हा आकडा कोडमध्ये कोरून ठेवायचाच नाही. अंदाजाच्या प्रती 80 पासून 250 मिलिसेकंदांपर्यंत मागे सरकवून पाहायच्या, कॅमेऱ्याशी जी सर्वांत चपखल जुळेल तो सध्याचा विलंब.

त्यामुळे वेगवान कॅमेऱ्याची ऑर्डर रद्द केली आहे. नोंद १० मध्ये वचन दिलेलं मनगटाचं कामही मागे पडलं, रागावू नका.

आणि तो विसावा पेला? बोटाचं पेर कडेला लागून आडवा झाला. पकड नेमकी बेतली होती, चुकायला जागाच नव्हती. हात दिसत नसेल तर माणूस बोटं जास्त फाकवतो, तेव्हा जुळणी जितकी कच्ची तितकी बोटं रुंद, असं एका ओळीत बांधता येईल. आत्ताच बांधलं. दिवा विझवलाय, एक्स्पोजर पुन्हा स्वयंचलित केलंय. पहिल्या पाच फेऱ्यांत विलंबाचा अंदाज 190 ते 215 मध्ये फिरतोय, चार पेले उभे आहेत.