बेली डान्सच्या कार्यशाळेसाठी शिक्षिका निवडताना

आमच्या बेली डान्सच्या गटात वर्षातून एकदा बाहेरच्या शिक्षिकेला बोलावून दोन दिवसांची कार्यशाळा घेण्याची पद्धत आहे आणि शिक्षिका निवडण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. हे काम पहिल्यांदा अंगावर आले तेव्हा ते मला फार सोपे वाटले होते. जिचे नृत्य पाहून डोळ्यांचे पारणे फिटते तिला बोलवायचे, एवढा एकच निकष माझ्यापाशी होता. तो निकष किती अपुरा आहे, हे माझ्या एका मैत्रिणीच्या गुडघ्याने सोसले, म्हणून आज हे सविस्तर लिहिते आहे.

त्या वर्षी आलेली नर्तिका रंगमंचावर खरोखरच विलक्षण होती आणि तिच्या नृत्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. मात्र शिकवताना ती आरशाकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, शरीर सैल करण्याचे व्यायाम तिने जेमतेम उरकले आणि पहिल्या दहा मिनिटांतच शिमी सुरू केली. शिमीत दोन्ही गुडघे आळीपाळीने किंचित वाकवायचे आणि सरळ करायचे असतात, त्यामुळे कंबरेला कंप येतो. यातला ‘सरळ’ हा शब्द मात्र फसवा आहे, कारण गुडघा मागे ताणून घट्ट केला तर प्रत्येक ठोक्याचा हिसका थेट सांध्यावर बसतो. हे तिने एकदाही सांगितले नाही. ‘माझ्याकडे पाहा आणि करा’ एवढेच ती म्हणत राहिली. मागच्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणीने अर्धा तास गुडघे ताणून शिमी केली, संध्याकाळपर्यंत तिचा गुडघा सुजला आणि पुढचे कित्येक आठवडे तिला वर्गाला येता आले नाही. त्या नर्तिकेने मुद्दाम काही केले असे मी म्हणणार नाही. आपले शरीर ही हालचाल कोणत्या टप्प्यांनी शिकले, हे ती विसरून गेली होती, आणि जिला ते आठवत नाही तिला ते दुसऱ्याला सांगता येत नाही.

तेव्हापासून मी नृत्याच्या चित्रफितीपेक्षा वर्गाची चित्रफीत मागते. पंधरा मिनिटांचा तुकडासुद्धा पुरतो. त्यात मी शिक्षिकेकडे कमी आणि विद्यार्थिनींकडे जास्त पाहते: मागच्या रांगेतल्यांना काही कळते आहे का, शिक्षिका जागा बदलून त्यांच्यापर्यंत जाते का, आणि एखादीला हालचाल जमली नाही तर ती तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणते की दुसरी वाट शोधते.

दुसरी वाट शोधणे म्हणजे काय, हे मी पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेत अगदी जवळून पाहिले. हिप ड्रॉप चालला होता. एक पाय थोडा पुढे, त्याची टाच उचललेली आणि सगळे वजन मागच्या पायावर. पुढचा गुडघा सरळ केला की त्या बाजूची कंबर वर जाते आणि सैल सोडला की खाली पडते. एका विद्यार्थिनीची कंबर काही केल्या वर जात नव्हती. ती शिक्षिका तिच्या शेजारी जमिनीवर बसली, क्षणभर तिच्या पावलांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘पुढचा पाय जरा उचलून दाखव.’ पाय उचलताना तिचा तोल गेला, कारण तिचे वजन नकळत दोन्ही पायांवर वाटले गेले होते. मागच्या पायावर नीट उभी राहून तिने पुन्हा करून पाहिले आणि तिसऱ्या प्रयत्नात हिप ड्रॉप जमला. कंबरेचा दोष पावलांत शोधणारी नजर वर्षानुवर्षे नवशिक्यांबरोबर काम केल्याशिवाय येत नाही, आणि मी जिला बोलावते तिच्यात मला सर्वात आधी हीच नजर हवी असते.

दुसरी गोष्ट संगीताची. दोन दिवसांत चार मिनिटांचे पूर्ण नृत्य बसवून देण्याचे आश्वासन ज्या शिक्षिका देतात, त्यांच्याबाबत मी आता सावध असते, कारण असे नृत्य आठवडाभरात विस्मरणात जाते आणि हाती मोबाइलवरचे चित्रीकरण तेवढे उरते. याउलट हिप ड्रॉप शिकवणाऱ्या त्याच शिक्षिकेने आम्हाला पहिला पाऊण तास नुसते टाळ्या वाजवायला बसवले होते. मकसूम ताल ‘दुम तक, तक दुम, तक’ असा चालतो. दुम म्हणजे दरबुका या अरबी तालवाद्याच्या मध्यावरचा घुमणारा आघात आणि तक म्हणजे कडेवरचा कोरडा. मधल्या एका ‘तक’च्या जागी ‘दुम’ आला की ‘दुम तक, दुम दुम, तक’ असा सईदी होतो आणि पावलांना आपोआप एक जडपणा, एक ठसका येतो. सईदी ही वरच्या इजिप्तची, म्हणजे देशाच्या दक्षिण भागाची ओळख आहे आणि काठी घेऊन केले जाणारे नृत्य त्या तालावर का शोभते, हे टाळ्या वाजवतानाच आम्हाला कळले. हे ज्ञान आजही आमच्याजवळ आहे.

शैलीबद्दल मी एकच अपेक्षा ठेवते, ती म्हणजे प्रामाणिकपणाची. इजिप्शियन रक्स शर्की, तुर्की शैली आणि त्यांतून पुढे निघालेले फ्यूजन यांपैकी काहीही शिकायला मला आवडेल, पण आपण नेमके काय शिकवतो आहोत हे शिक्षिकेला ठाऊक असावे आणि तिने ते सांगावे. हे नृत्य हजारो वर्षे जसेच्या तसे चालत आले आहे असे जी ठामपणे सांगते, तिच्या अभ्यासाबद्दल मला शंका येते. आज आपण रंगमंचावर पाहतो त्या स्वरूपाच्या घडणीत कैरोमध्ये नर्तिका बदिया मसाबनी यांनी 1926 मध्ये सुरू केलेल्या रंजनगृहाचा, म्हणजे नाइटक्लबचा, मोठा वाटा आहे. तहिया कारियोका आणि सामिया गमाल या नामवंत नर्तिका तिथूनच पुढे आल्या. लोकनृत्यांना रंगमंचीय रूप देणारे महमूद रेडा यांचे पथक 1959 मधले. ज्यांच्या खांद्यावर आपण उभे आहोत त्यांची नावे शिक्षिकेच्या तोंडी यावीत, असे मला मनापासून वाटते.

प्रमाणपत्रांना मी फारसे महत्त्व देत नाही, कारण या नृत्यासाठी जगभर मान्य असलेली एकच परीक्षा अस्तित्वात नाही. शिक्षिका स्वतः कोणाकडे आणि किती काळ शिकली, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. स्पर्शाबद्दल मात्र मी आवर्जून विचारते. चूक दुरुस्त करताना शिक्षिकेला कधी कधी कंबरेला किंवा बरगड्यांना हात लावावा लागतो, आणि त्याआधी परवानगी घेणारी शिक्षिकाच आम्हाला हवी. कोणाच्याही पोटाबद्दल, वजनाबद्दल किंवा वयाबद्दल कौतुकाच्या सुरातसुद्धा शेरा मारणारी व्यक्ती मी पुन्हा बोलावत नाही. पोट उघडे टाकून आरशासमोर उभे राहायला काही जणींना वर्ष वर्ष लागते, आणि एका शब्दाने त्या परत जातात.

यंदा दोन नावे समोर होती. दोघींनाही मी एकच पत्र पाठवले. पहिलीने तत्परतेने आपल्या अलीकडच्या सादरीकरणाची सुंदर चित्रफीत आणि मानधनाचा आकडा कळवला. दुसरीने उत्तरादाखल प्रश्नच पाठवले: गटात किती जणी आहेत आणि प्रत्येकीला शिकून किती काळ झाला, जमीन लाकडी आहे की फरशीची, कोणाची शस्त्रक्रिया झाली आहे का, कोणी गरोदर आहे का, पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे कोणाला आहे का. तिला उत्तर द्यायचे म्हणून मी प्रत्येकीशी स्वतंत्रपणे बोलले, आणि तीन वर्षे माझ्या शेजारी नाचणाऱ्या एका मैत्रिणीला मणक्याचा त्रास असल्याचे मला तेव्हा पहिल्यांदा समजले. पाठ मागे झुकवण्याच्या हालचाली आल्या की ती पाणी प्यायला का जायची, हे मी तिला कधी विचारलेच नव्हते. तिच्या संमतीने तिचे नाव मी यादीत घातले आणि ती यादी काल त्या दुसऱ्या शिक्षिकेकडे रवाना केली.